स्विच कोणत्या कंपनीचे? त्याआधी गिझरच्या नळाविषयी

पत्राचा सारांश: सांगलीतील एका वाचक भगिनींचे कुटुंब १९९४ साली बांधलेल्या दुमजली घराचे वायरिंग संपूर्ण नव्याने करून घेणार आहे. तळमजल्यावर सासू-सासरे (आई-दादा) राहतात आणि वरच्या मजल्यावर या भगिनी, त्यांचे पती व दोन मुले. सासऱ्यांना अँकरखेरीज दुसरे काही नको, कारण घरातले पियानो खटके (पियानोच्या पट्टीसारखे जुन्या धाटणीचे स्विच) तीस वर्षे कुरकुर न करता चालले. पतीच्या मनात मित्राच्या फ्लॅटमध्ये पाहिलेले लेग्राँचे मॉड्युलर स्विच (प्लेटमध्ये एकेक बसवायचे) भरले आहेत. दुकानदार हॅवेल्सचा आग्रह धरतो. घरचे नेहमीचे वायरमन एका अपरिचित कंपनीचा माल "तोच आहे, फक्त नाव वेगळे" असे म्हणून सुचवतात. ब्रिटनमध्ये लेस्टरला राहणारी नणंद म्हणते, की स्विचचे राहू द्या, आधी कन्झ्युमर युनिट (घरभर वीज वाटणारी पेटी) चांगले घ्या. कोणती कंपनी निवडावी, सगळा माल एकाच कंपनीचा असावा का आणि घरात कोणालाही न दुखावता हे कसे ठरवावे, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. जाता जाता त्यांनी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. २०१९ च्या पुरात तळमजल्यावर कमरेएवढे पाणी होते आणि पूर ओसरल्यावर तेच बोर्ड पुसून, वाळवून पुन्हा वापरले. शिवाय खालच्या न्हाणीघरात गिझर चालू असताना नळाला हात लावला, की झिणझिण्या येतात, "पण आता सवय झाली आहे."

ताई,

तुम्ही विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे मी देणारच आहे. पण त्याआधी तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीविषयी लिहिते. हे वाचून झाल्यावर कृपया उठा, खालच्या गिझरचा स्विच बंद करा आणि त्याचा प्लग सॉकेटमधून काढून ठेवा. हात कोरडे असू द्या आणि पायात चप्पल असू द्या. दुरुस्ती होईपर्यंत आई-दादांसाठी पाणी गॅसवर तापवा. नळाला येणाऱ्या झिणझिण्यांचा अर्थ असा, की गिझरमधून वीज गळते आहे आणि तिला जमिनीत नेणारी अर्थिंगची वाट कुठेतरी तुटलेली आहे. ती वाट असती, तर ही गळती तुमच्या हातातून गेली नसती. साधारण एक मिलिअँपिअर विजेची जाणीव माणसाला होते, दहाच्या आसपास स्नायू आखडून पकडलेली वस्तू सुटत नाही आणि तीसच्या वर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका सुरू होतो. ओल्या अंगाने, ओल्या फरशीवर उभे असताना या पायऱ्यांमधले अंतर फार थोडे उरते. आज झिणझिणी आहे म्हणजे उद्याही झिणझिणीच असेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

वायरमनना बोलावाल तेव्हा एका गोष्टीवर लक्ष ठेवा. अर्थिंग मिळत नाही म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रलची (वीज परत नेणारी) वायर अर्थच्या टर्मिनलला जोडून देण्याची एक पळवाट आहे. तिने झिणझिणी त्या दिवशी थांबते आणि सगळ्यांना बरे वाटते. परंतु पुढे कधी मागची न्यूट्रल वायर तुटली किंवा सैल झाली, तर गिझरच्या पत्र्यावर आणि नळावर थेट २३० व्होल्ट येऊन बसतात. पाण्याच्या पाइपला अर्थची वायर गुंडाळणे हाही उपाय नव्हे. उपाय एकच आहे. घराला स्वतंत्र, नीट केलेली अर्थिंग हवी आणि तिची वायर अखंड प्रत्येक सॉकेटपर्यंत पोचायला हवी.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. "कोणती कंपनी?" या प्रश्नामागे एक गृहीत आहे, की घराची सुरक्षितता स्विचवरच्या नावातून येते. हे गृहीत तुमच्या एकट्याचे नाही. मला येणाऱ्या पत्रांपैकी अनेकांत ते असते, कारण घर पाहायला आलेल्या माणसाला भिंतीवर स्विचच तेवढे दिसतात. आत कोणती वायर आहे, स्क्रू किती आवळला आहे आणि डीबीमध्ये, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीत, काय बसवले आहे, हे कोणी पाहत नाही, म्हणून त्यावर घरात चर्चाही होत नाही.

माझ्याच स्वयंपाकघरातला एक अनुभव सांगते. वॉशिंग मशीनसाठी १६ अँपिअरचा सॉकेट होता, नामांकित कंपनीचा, पक्क्या बिलाने घेतलेला. एके दिवशी प्लग काढताना पिन बोटाला चटका बसेल इतकी तापलेली लागली आणि एका पिनेच्या मुळाशी तपकिरी वलय दिसले. प्लेट उघडली, तेव्हा टर्मिनलजवळचे वायरचे आवरण भाजून ठिसूळ झाले होते आणि बोटाने दाबताच त्याचा भुगा झाला. कारण एवढेच होते, की बसवताना स्क्रू अर्धा आटा सैल राहिला होता. सैल जोडावर रोध वाढतो आणि जड उपकरण चालू असताना सगळी उष्णता त्या एका बिंदूवर साठते. सॉकेट उत्तम होता, वायर उत्तम होती. हात घाईत होता. त्या दिवसापासून कोणी मला कंपनी विचारली, की मी आधी वायरमन कोण, हे विचारते.

कंपनीचे नाव ही स्थिर गोष्ट असते, हेही खरे नाही. दादांचा अँकरवरचा विश्वास मला समजतो. त्यांनी १९९४ मध्ये घेतलेला खटका खरोखर चांगला होता. पण २००७ मध्ये जपानच्या मात्सुशिता समूहाने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, ती कंपनी ताब्यात घेतली आणि आज अँकरच्या नावाने मिळणारे मॉड्युलर स्विच हे दादांच्या पियानो खटक्याहून अगदी वेगळे उत्पादन आहे. मेन स्विच आणि स्विचगिअरसाठी आपल्याकडे लार्सन अँड टुब्रोचे नाव घरोघरी होते. तो व्यवसाय २०२० मध्ये श्नायडरकडे गेला आणि २०२४ पासून त्याचे नाव लॉरिट्झ नुडसेन आहे. या बदलांनी माल वाईट झाला, असे मी म्हणत नाही. तीस वर्षांपूर्वीचा अनुभव आजच्या खोक्याला जसाच्या तसा लावता येत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

मग निवड करायची कशी? तुमच्या नणंदबाई ज्याला कन्झ्युमर युनिट म्हणतात, तो म्हणजे आपला डिस्ट्रिब्युशन बोर्ड, वायरमनच्या भाषेत डीबी, आणि त्यांचे म्हणणे मला सर्वांत पटले. ब्रिटनमध्ये २०१६ पासून घरातल्या नव्या कन्झ्युमर युनिटची पेटी न जळणाऱ्या साहित्याची, म्हणजे व्यवहारात धातूची, असावी लागते. आपल्याकडे पत्र्याचा डीबी आधीपासूनच रुळलेला आहे, त्यामुळे तिकडून काही मागवण्याची गरज नाही. मात्र तिकडची एक शिस्त घेण्यासारखी आहे. एका पेटीत निरनिराळ्या कंपन्यांचे एमसीबी (जादा वीज वाहिली, की आपोआप पडणारे खटके) मिसळायचे नाहीत. सगळ्यांचे एमसीबी त्याच ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर बसतात, म्हणून दुकानात "कुठलाही टाका, बसतो" असे सांगितले जाते. पण खालून वीज पुरवणारा तांब्याचा बसबार ज्या उंचीवर ज्या खाचेत जातो, ती खाच प्रत्येक कंपनीची थोडी वेगळी असते. एका कंपनीचा बसबार दुसरीच्या एमसीबीत वाकवून घातला, की माझ्या सॉकेटमध्ये झाला तोच सैल जोड तुमच्या डीबीत तयार होतो, आणि तिथून तर सगळ्या घराची वीज जाते. म्हणून पेटी, बसबार, आयसोलेटर (मुख्य खटका), एमसीबी आणि आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा) हे सर्व एका कंपनीचे घ्या. ती कंपनी लेग्राँ असो, हॅवेल्स असो, श्नायडर असो किंवा हॅगर. यांच्यात तुमच्या घरासाठी मी डावे-उजवे करणार नाही. सांगलीत जिचा सुटा एमसीबी कोणत्याही दिवशी दोन-तीन दुकानांत मिळतो, ती घ्या. स्विच मात्र वेगळ्या कंपनीचे असले, तरी काहीही बिघडत नाही. सगळे एकाच नावाचे असावे का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे असे अर्धे होय आणि अर्धे नाही.

डीबीच्या आतील दोन गोष्टींत गल्लत होऊ देऊ नका, कारण ती फार ठिकाणी झालेली दिसते. एमसीबी हा वायरचा रक्षक आहे. वायरला झेपेल त्याहून जास्त वीज वाहू लागली किंवा शॉर्टसर्किट झाले, की तो पडतो. माणसाला शॉक बसताना मात्र तो जागचा हलत नाही, कारण तीस-चाळीस मिलिअँपिअर हा आकडा त्याच्या दृष्टीने नगण्य असतो. माणसासाठी आहे तो आरसीसीबी. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून पुरती परत येते का, हे तो सतत पाहतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडतो. तुमच्या नळाची झिणझिणी तुम्हाला सवय होईपर्यंत टिकली, तेव्हा घरात आरसीसीबी आहे का आणि असला, तर तो बाजूला काढून ठेवलेला नाही ना, हे तपासून घ्या. ३० मिलिअँपिअरचा, आणि इन्व्हर्टर एसी व वॉशिंग मशीनसारखी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आहेत म्हणून टाइप ए चा, असे स्पष्ट सांगून घ्या. सबंध घराला एकच लावण्याऐवजी खालच्या आणि वरच्या मजल्याला वेगळे लावा. न्हाणीघरांतील गिझरना स्वतंत्र आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच डबीत, देता आले तर फार चांगले. खर्च वाढेल, हे मला ठाऊक आहे. तो स्विचच्या प्लेटमधून काढा. सोनेरी कडेच्या प्लेटऐवजी साधी पांढरी घेतली, तरी दिवा तसाच लागतो.

आरसीसीबी बसवल्यावर पहिल्या आठवड्यात तो कदाचित वारंवार पडेल आणि कोणीतरी म्हणेल, "हा पीसच खराब आहे, काढून टाकू." त्या क्षणी ठाम राहा. आपल्या घरांत याचे नेहमीचे कारण इन्व्हर्टर असते. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या दिव्यांची फेज एका आरसीसीबीखालून येते आणि न्यूट्रल दुसऱ्याच पट्टीला जोडलेली असते. मग गेलेली आणि आलेली वीज कधीच जुळत नाही. प्रत्येक आरसीसीबीची न्यूट्रल पट्टी वेगळी ठेवली आणि इन्व्हर्टरची न्यूट्रल योग्य पट्टीला आणली, की त्रास थांबतो. तरीही पडत राहिला, तर घरात खरोखर गळती आहे, आणि ती शोधून देणे हेच त्याचे काम आहे. त्यावर टेस्टचे बटन असते. दर तीन महिन्यांनी दाबून पाहा. वीज गेली पाहिजे.

वायरिंगचे मी थोडक्यात सांगते. दिव्या-पंख्यांना दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर, १६ अँपिअरच्या सॉकेटना अडीचची, एसीला आणि मोठ्या गिझरला चारची. दोन किलोवॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज घेतो. एमसीबीचा आकडा वायरच्या ताकदीपेक्षा मोठा कधीही नसावा. "सारखा पडतो म्हणून बत्तीसचा टाकला" हे वाक्य जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये तांब्याची तार दुहेरी पिळून घालण्यासारखेच आहे. किती सर्किटे होतात, ते मोजून त्याहून दोन-तीन घरे जास्त असलेला डीबी घ्या.

आता पुराविषयी, कारण तुमच्या घराला हा विषय इतरांपेक्षा जवळचा आहे. पाण्यात बुडालेला स्विच, सॉकेट किंवा एमसीबी कितीही वाळवला, तरी गाळाचा थर आणि पितळेवरची गंज आत राहतेच. वरून तो स्वच्छ दिसतो. २०१९ मधले जे काही अजून भिंतीत आहे, ते दहा रुपयांचे असो की हजाराचे, आता काढून टाका. नव्या कामात तळमजल्याचे सॉकेट भिंतीवरच्या पुराच्या खुणेच्या वर घ्या. दिसायला ते विचित्र वाटतील, हे मान्य आहे. पण सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ ही तीन वर्षे कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत. वायरचे पाइप फरशीतून न नेता छतातून खाली उतरवा. डीबी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर घ्या आणि तळमजल्याला स्वतंत्र आयसोलेटर ठेवा, म्हणजे पाणी अंगणात आले, की खालची वीज तोडून वरच्या मजल्यावर दिवा ठेवता येईल. महावितरणकडून पुरवठा चालू असेल तेवढ्यापुरतेच हे खरे, पण ते काही तास फार मोलाचे असतात. हा निर्णय भिंतीत वायरसाठी झिरी मारण्याआधीच घ्यावा लागतो.

स्विचच्या निवडीला मी मुद्दामच शेवटी आणले आहे. अँकर, लेग्राँ, हॅवेल्स यांपैकी कोणताही घेतला, तरी तुम्ही चुकणार नाही. वायर, स्विच, प्लग-सॉकेट आणि एमसीबी यांवर आपल्याकडे आयएसआय चिन्ह बंधनकारकच आहे, म्हणजे ते चिन्ह ही किमान पात्रता समजावी. फरक पडतो तो दहा वर्षांनी. एका कंपनीचा मॉड्युलर स्विच दुसरीच्या प्लेटमध्ये सहसा बसत नाही, पुष्कळदा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मालिकेतही बसत नाही. म्हणून दुकानात नव्याने आलेली झगझगीत मालिका घेण्यापेक्षा वर्षानुवर्षे चाललेली साधी मालिका घ्या आणि चार स्विच, दोन सॉकेट जास्तीचे आणून खोक्यासकट जपून ठेवा.

दुकानात गेल्यावर प्लेटचा रंग पाहण्याआधी सॉकेट हातात घ्या. तीन पिनचा प्लग त्यात घालून ओढून पाहा. पकड घट्ट आणि सारखी लागली पाहिजे. वरच्या जाड पिनेने आतली झडप उघडते आणि एरवी ती बंद राहते, हे पाहा, कारण घरात मुले आहेत. स्विच हळूच अर्धा दाबून बघा. तो मध्ये रेंगाळता कामा नये. मागचा टर्मिनलचा स्क्रू पूर्ण सोडवून पुन्हा आवळा. आटे घसरत असतील, तर ती वस्तू तिथेच परत ठेवा. सर्व देशांचे प्लग बसतात अशा बहुउपयोगी सॉकेटपासून दूर राहा, कारण सर्वांना सामावणारी पकड कोणालाच घट्ट धरत नाही.

वायरमननी सुचवलेल्या मालाबद्दल आधीच शंका घेऊ नका. लहान कंपनीचा माल चांगला असू शकतो. त्यावरचा सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घालून पाहा. क्रमांक खरा निघाला, त्याच वस्तूचा निघाला आणि सुटे भाग सांगलीत मिळत असतील, तर विचार करायला हरकत नाही. क्रमांकच नसेल, तर विषय संपला. "फक्त नाव वेगळे" हे कारण मी डीबीसाठी मात्र कधीही ऐकून घेणार नाही.

आणि आता तो दुखावण्याचा प्रश्न. मला वाटते, तुमच्या घरात भांडण कंपनीवरून नाहीच. "माझा शब्द राहिला का?" हा त्यातला खरा प्रश्न आहे, आणि कंपनी निवडून तो सुटणार नाही. कामाची वाटणी केली, तर सुटेल. वायरमनना मजुरी पॉइंटप्रमाणे पूर्ण आणि वेळेवर द्या आणि माल तुम्ही स्वतः पक्क्या बिलाने आणा, म्हणजे दुकानातून मिळणाऱ्या कमिशनचा प्रश्नच उरत नाही आणि त्यांच्या हेतूवर बोटही ठेवावे लागत नाही. त्यांच्याकडे परवाना नसेल, तर काम त्यांनीच करावे, पण परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या देखरेखीखाली, आणि शेवटी मेगर लावून इन्सुलेशनची, तसेच अर्थिंगची तपासणी लेखी घ्यावी. बरीच वर्षे घर सांभाळलेल्या माणसाला हे सांगताना "तुमच्यावर विश्वास नाही" असे म्हणण्याची गरज नाही. "महावितरणला आणि विम्याला लेखी अहवाल लागला, तर जवळ असावा" हे म्हणणे खरेही आहे आणि कोणाला लागणारेही नाही. पतीला वरच्या मजल्याच्या प्लेट निवडू द्या. नणंदबाईंना डीबीचा फोटो पाठवा.

दादांना मात्र दुकानात सोबत न्या. या वयात अंधारात उठल्यावर हाताला जो खटका सापडतो, आवाजाने कळतो आणि बोटाला जोर द्यावा लागत नाही, तोच त्यांच्यासाठी चांगला. तो कोणता, हे तुम्हाला किंवा मला सांगता येणार नाही. प्रदर्शनाच्या फळीवर त्यांनी स्वतः दाबून पाहावा. पियानो खटके अजूनही मिळतात. त्यांच्या खोलीत तेच हवे असतील, तर तेच बसवा. मागची वायर नवी असेल आणि वर आरसीसीबी असेल, तर त्यात काहीही गैर नाही.

काम सुरू झाले, की पुन्हा लिहा, आणि गिझरच्या नळाचे काय झाले, ते आठवणीने कळवा.